कुंपणापलीकडचा तातार

तातार हे एक थोर, प्राचीन आणि अखंड राष्ट्र आहे, असं सागदात मास्तर युकेली गावच्या शाळेत गेली दहा वर्षं सातवीला शिकवत होते. त्याआधीची सतरा वर्षं, त्याच वर्गात आणि त्याच फळ्यावर, तातार म्हणजे रशियाच्या मानेवरचं अडीचशे वर्षांचं जोखड, असं शिकवत. मधे पुस्तक बदललं होतं. मुलं दोन्ही वेळा सारख्याच जांभया देत.

२००२ सालच्या ऑक्टोबरात जनगणना निघाली आणि गावात ज्याचं अक्षर वाचता येतं असा एकच माणूस असल्यामुळे काम मास्तरांकडे आलं. जिल्ह्याच्या गावी दोन दिवस प्रशिक्षण झालं. कापडी पिशवी मिळाली, ओळखपत्र मिळालं, दोन पेनं मिळाली, त्यांतलं एक उमटत होतं. प्रशिक्षण देणाऱ्या बाईंनी राष्ट्रीयत्वांची छापील यादी वाचून दाखवली. यादीत तातार होते, मिशार तातार होते, सैबेरियाचे होते, आस्त्राखानचे होते, क्रिमियाचे होते, आणि क्र्याशेन होते, म्हणजे चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वी ज्यांना बाप्तिस्मा दिला गेला ते. हे लोक स्वतःला तातार म्हणवून घेतात की नाही, ते समोर कोण बसलंय त्यावर ठरत असे.

"माणूस जे सांगेल तेच लिहायचं," बाई म्हणाल्या. "कायदा आहे. जबरदस्ती नाही, सुचवणं नाही." मग यादी मिटून त्या म्हणाल्या, "मात्र माणूस काय सांगणार आहे, ते आधी एकदा पाहून ठेवा."

युकेलीत ते पाहणं सोपं होतं, कारण गावाच्या मधून ओढा जात होता. ओढ्याच्या अलीकडे मशीद आळी, पलीकडे चर्च आळी. मशीद नवी होती, पत्र्याच्या मिनाराची. चर्चला छप्पर नव्हतं. सामूहिक शेतीच्या काळात तिथे धान्य ठेवत, मग खत, मग काहीच नाही. भाषा दोन्हीकडे एकच. हंसाचं सूपही एकच. इकडे बिस्मिल्ला म्हणून पीत, तिकडे छातीवर क्रूस काढून. कबरस्तानं मात्र दोन होती, आणि लग्नं ओढा ओलांडत नसत.

एक ओलांडलं होतं. १९४७ साली चर्च आळीतला मिकुलाय लढाईवरून परत आला आणि त्याने मशीद आळीतल्या मिन्सिलूशी सरकारी कचेरीत लग्न लावलं. कारकुनाने दोघांच्याही रकान्यात 'तातार' लिहिलं आणि शिक्का मारला. मिन्सिलूचा बाप तिच्याशी अकरा वर्षं बोलला नाही. बाराव्या वर्षी बोलला, तेही "दार लाव, वारा येतोय" एवढंच. १९९६ साली मिन्सिलू गेली तेव्हा तिच्या भावांनी तिला आपल्या कबरस्तानात नेली आणि अगदी कडेला, कुंपणाला लागून पुरली. बाकी जागा भरली होती, असं ते म्हणाले. बाकी जागेत तेव्हा गवत कापायला चार माणसं लागत.

मिकुलायला तोवर सगळं गाव बाबाय, म्हणजे आजोबा, म्हणत असे. त्याने कुंपणाच्या बाहेरच्या बाजूला, तिच्या कबरीच्या अगदी समोर, एक ओंडका आणून ठेवला. दर गुरुवारी तो त्यावर येऊन बसायचा आणि लाकडी पट्ट्यांच्या फटीतून आत बघायचा. सहा वर्षं. ओंडक्याला एका बाजूने त्याच्या बसण्याचा आकार आला होता.

शुक्रवारी मास्तर घरांची आधीची फेरी करायला म्हणून बाबायच्या दारात उभे राहिले. बाबाय एक्याऐंशीचा, एकटा, बटाटे निवडत बसलेला.

"ये मास्तर. तू तिसरा."

"तिसरा कसला?"

"काल पुतण्या आला. येफ्रेम. म्हणाला, काका, क्र्याशेन लिहा, आपण वेगळे लोक आहोत, कझानच्या सभेत ठरलंय. त्याच्या मागोमाग ग्रामप्रमुख फनिस. म्हणाला, बाबाय, तातार लिहा, आपण एकच लोक आहोत, वरून ठरलंय. दोघेही बूट न काढता आत आले."

मास्तरांनी बूट काढले. बाबायने दुधाचा चहा ओतला.

भानगड अशी होती की चर्च आळीतल्या सत्तेचाळीस घरांनी सांगून टाकलं होतं, मिकुलाय बाबाय जे लिहील ते आम्ही लिहू. यात बाबायबद्दल आदर होता, आणि उद्या काही निस्तरायची वेळ आली तर ते त्याने निस्तरावं, अशी दूरदृष्टीही होती. फनिसला वर आकडा पाठवायचा होता. येफ्रेम वीजमंडळात तारा जोडायचा आणि उरलेल्या वेळात राष्ट्र. त्यालाही आकडा हवा होता.

"तुला काय वाटतं, मी कोण?" बाबायने विचारलं.

"मी विचारायचं असतं, बाबाय. मी सुचवू शकत नाही."

"मग ऐक. सैन्यात आमचा हवालदार रोज सकाळी म्हणायचा, न बोलावता आलेला पाहुणा तातारापेक्षा वाईट. मी म्हटलं, साहेब, मी बोलावल्यावर आलोय, कागद आहे माझ्याकडे. तर दोन दिवस संडास धुवायला लावले. म्हणजे तेव्हा मी तातार होतो. मग चव्वेचाळीस साली बेलोरशियात एका गावात शिरलो, तर लाकडी मशीद. आत चार म्हातारे. म्हणाले, आम्ही तातार. मला रडूच आलं. मी आपल्या भाषेत पाणी मागितलं, तर एकालाही कळेना. तीनशे वर्षांपूर्वी विसरले म्हणे. ते नमाज पढणारे, भाषा न येणारे. मी भाषा येणारा, बाप्तिस्मा घेतलेला. आम्ही मिळून एक धड तातार झाला असता."

"मग?"

"मग रशियनमध्ये पाणी मागितलं. पुढे जपान्यांशी लढायला पार पूर्वेला नेलं. तिथल्या समुद्राच्या पट्ट्याचं नाव तातार सामुद्रधुनी. तीन महिने होतो. तातार मी एकटा, बाकी मासे." बाबायने एक कुजका बटाटा बाजूला टाकला. "सगळीकडे नाव माझ्याआधी जाऊन पोचलेलं असतं. मला मात्र एकाच ठिकाणी पोचायचंय."

कुठे, ते मास्तरांना ठाऊक होतं. सगळ्या गावाला होतं.

"त्या कागदावर लिहिलं की मी तातार, तर मला मिन्सिलूशेजारी जागा मिळेल का? तिच्या कागदावर तातार आहे. माझ्याही असेल. मग मशिदीचा हजरत काय म्हणून अडवेल?"

मास्तरांनी खरं ते सांगितलं. तो कागद कुणाला दाखवता येत नाही. तो यंत्रात जातो, मग नष्ट करतात. कबरस्तानाशी त्याचा काही संबंध नाही.

बाबायने आणखी एक बटाटा निवडला. "कागदात काही दम नाही म्हणतोस. मग बूट न काढता दोन माणसं माझ्या घरात कशाला आली?"

मास्तरांनी चहा संपवला आणि बूट घातले.

रविवारी सकाळी कबरस्तानाच्या कुंपणापाशी बैठक भरली. बाबायने निरोपच तसा धाडला होता: तातार लिहायला तयार आहे, बोलणं ओंडक्यापाशी होईल. फनिस आला, नुरुल्ला हजरत आले, आणि दोघांनाही साक्षीदार हवा म्हणून मास्तर. रात्री हिमाचा पहिला चुरा पडून गेला होता आणि आता त्याचा चिखल झाला होता. बाबाय ओंडक्यावर बसला, बाकीचे उभे राहिले.

नुरुल्ला हजरत पूर्वी ट्रॅक्टरच्या तुकडीचे मुकादम होते. पंधरा वर्षांपूर्वी तुकडी मोडली, दहा वर्षांपूर्वी मशीद झाली. आजोबा मुल्ला होते, एवढ्या पुण्याईवर गावाने त्यांना पुढे केलं. माणूस वाईट नव्हता. यंत्राला जसा सुटा भाग दुसऱ्याचा चालत नाही तसं जमिनीलाही चालत नाही, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

"तातार लिहिलं म्हणून मुसलमान होत नाही, बाबाय," हजरत म्हणाले. "कलमा म्हणा. दोन ओळी आहेत. मी हात धरून आत नेतो तुम्हाला."

"तीन दिवसांचा होतो तेव्हा पाण्यात बुडवलं, विचारलं नाही," बाबाय म्हणाला. "दहा वर्षांचा असताना चर्चची घंटा उतरवून भंगारात दिली, तेव्हाही विचारलं नाही. आता तू विचारतोयस, उपकार आहेत. पण आता मी दमलोय रे. आहे तसाच राहू दे."

"मग आत कसं घेणार?"

"आपण सगळे तातार ना, हजरत?" फनिस मधे पडला. "काल भाषणात तुम्हीच म्हणालात."

"तुझा आजा," बाबाय हजरतांना म्हणाला, "तातार म्हटलं की काठी घेऊन मागे लागायचा. आम्ही मुसलमान, तातार म्हणजे चंगीझखानाचे दरोडेखोर, असं ओरडायचा. त्या काठीचा एक फटका मी खाल्लाय. इथे." त्याने पोटरी दाखवली. "तो हा शब्द आपल्या अंगणात येऊ देत नव्हता, आणि तू मला त्या शब्दाच्या बाहेर ठेवतोस."

"काळ बदलला."

"पोटरी तीच आहे."

फनिसने घड्याळ पाहिलं. तो बरीच वर्षं ग्रामप्रमुख होता, आणि माणसांचा प्रश्न सुटत नसेल तर सामानाचा करून सोडवायचा, हे त्याला अंगवळणी पडलं होतं. त्याने खाली पडलेली एक काठी उचलली आणि कुंपणाच्या फटीतून आत सरकवून मिन्सिलूच्या कबरीच्या कडेपासून ओंडक्याच्या मध्यापर्यंत माप घेतलं.

"एक मीटर चाळीस," तो म्हणाला. "बाबायला इथे, ओंडक्याच्या जागी ठेवायचं. आणि कुंपणाला पोट काढायचं. हा तुकडा उचलून बाहेरून फिरवून घ्यायचा. खांब मी देतो."

"म्हणजे तो आत आला," हजरत म्हणाले.

"आत कुठला? कबरस्तानाची हद्द नकाशात आहे, ती हलत नाही. कुंपण गाईंसाठी असतं, हजरत. माणसांसाठी नाही."

हजरतांनी यावर खूप वेळ विचार केला. मशिदीच्या चुलीची लाकडं फनिसच्या सहीने येत आणि हिवाळा तोंडावर होता, हाही विचारातला एक भाग असणार.

"म्हणजे गाईंच्या हिशेबाने तो आत, आणि माझ्या हिशेबाने बाहेर."

"अगदी."

"क्रूस नको वर. दिसायला नको."

"सैनिकी कचेरीतून पाच टोकांचा लोखंडी तारा मिळेल. लढाईवर गेलेल्यांना देतात. ताऱ्याला कुठे धर्म असतो?"

"बाबाय, तुम्हाला?" मास्तरांनी विचारलं. इतका वेळ कुणी विचारलं नव्हतं.

बाबाय फटीतून आत बघत होता. "तिला वारा लागायचा नाही," तो म्हणाला. "मी आलो की."

ठरलं ते असं: बुधवारी गणना सुरू झाली की पहिला अर्ज बाबायचा. तो 'तातार' सांगणार, आळी त्याच्यामागून जाणार, कुंपणाला पोट निघणार. सगळ्यांनी हात मिळवले. येफ्रेमला कुणी सांगितलं नाही, म्हणजे त्याला संध्याकाळपर्यंत कळलं.

मंगळवारी दुपारी दोनच्या सुमारास, बटाट्याचं शेवटचं पोतं तळघरात उतरवून, मिकुलाय बाबाय पलंगावर आडवा झाला आणि मेला.

सागदात मास्तरांची बायको रुशानिया गावच्या दवाखान्यात नर्स होती. डॉक्टर जिल्ह्याला होता आणि रस्ता चिखलात, त्यामुळे युकेलीत जन्म आणि मृत्यू तिच्याच सहीने होत. ती बाबायला रक्तदाबाची गोळी द्यायला गेली आणि पाच मिनिटांनी तिने मास्तरांना शाळेतून बोलावून आणलं. दोघं पलंगाशी उभे राहिले. बाबायने बूट काढून नीट जोडीने ठेवले होते.

"कुणाला सांगितलंस?"

"तुलाच."

मास्तरांना आधी वाईट वाटलं, आणि मग नियमावलीतलं पान आठवलं. त्यांना त्या क्रमाची लाज वाटली, पण पान आठवायचं थांबेना. जनगणनेचा क्षण आठ ऑक्टोबर संपून नऊ लागतो तो, मध्यरात्रीचा. त्या ठोक्याला जे जिवंत, ते मोजायचे. आज मंगळवार, आठ.

खात्री करायला म्हणून ते फनिसच्या कचेरीत गेले.

"एक शंका होती," ते म्हणाले. "समजा एखादा माणूस आज गेला. तर त्याचा अर्ज?"

"मेलेल्याचा कसला अर्ज?" फनिसने मान वर केली नाही. "तो मोजणीतच नाही. का? कोण गेलं?"

"कुणी नाही. प्रशिक्षणात राहून गेलं होतं."

"बाबाय बरा आहे ना? तो खांबांचा विषय आहे म्हणून विचारतो. उद्यापर्यंत टिकव रे त्याला. नाहीतर मी खांब कुठल्या खात्यात दाखवू?"

मास्तर परत आले. रुशानियाने मधल्या वेळात चूल पेटवली होती, कारण ज्या घरात माणूस जिवंत असतो त्याच्या धुराड्यातून ऑक्टोबरात धूर येतो.

"तुला कसं कळलं मी काय ठरवणार ते?"

"सत्तावीस वर्षं झाली लग्नाला," ती म्हणाली. "तू काही ठरवत नाहीस. तुला नुसता घाम येतो."

"हे खोटं आहे, रुशानिया. सरकारी कागद आहे."

"मेल्याची वेळ या गावात मीच सांगते. आजवर एकाही मेलेल्याने तक्रार केली नाही. सकाळी सहा लिहीन. नऊ तारीख."

"आणि तोवर?"

"तोवर झोपलाय."

अशा रीतीने मिकुलाय बाबाय सोळा तास जास्त जगला. रुशानियाने पडदा ओढला, पांघरूण हनुवटीपर्यंत घेतलं, शेजारी पाण्याचा पेला ठेवला. मास्तर चुलीपाशी वह्या तपासत बसले. बाहेर उजेड होता आणि खिडकीवर माशी चालत होती, ऑक्टोबरातली, मरायला टेकलेली.

चारच्या सुमारास दार ठोठावलं गेलं. येफ्रेम. हातात वर्तमानपत्र, पायात बूट.

"काका कुठे आहेत?"

"झोपलेत," रुशानिया म्हणाली. "ताप आहे. आत जायचं नाही."

"दोन मिनिटं. मला रविवारचं सगळं कळलंय." तो दारातच उभा राहून पडद्याकडे तोंड करून बोलू लागला. "काका, झोपला नसाल हे मला माहीत आहे. रागावलात की तुम्ही असंच करता. खांबांसाठी राष्ट्र विकलंत?"

पडद्यामागून उत्तर आलं नाही.

"तातार म्हणजे काय हो? बाकूच्या लोकांना रशियन तातार म्हणायचे, काकेशसच्या डोंगरातल्यांना म्हणायचे, पूर्वेकडून घोड्यावर बसून जो येईल त्याला म्हणायचे. ज्याचं नाव विचारायचा कंटाळा, तो तातार. जिल्ह्याच्या खानावळीत माशावर पांढरं ओततात त्यालाही तातार सॉस म्हणतात. आणि आपण त्यात जायचं? आपल्याला आपलं नाव आहे."

मास्तरांना हे मुद्दे इतिहास म्हणून बरोबर वाटले. त्यांचे स्वतःचे आजोबा सव्वीस सालच्या गणनेत मिशार होते, वडील पुढच्या गणनेत तातार झाले, आणि मधल्या काळात घरात काहीही बदललं नव्हतं, फक्त घोडा गेला होता. पण ते वह्या तपासत राहिले.

"येफ्रेम," रुशानिया म्हणाली, "तुझा बाप मशीद आळीत घोडी विकायला जायचा तेव्हा तातार असायचा आणि परत येताना पिऊन पडायचा तेव्हा क्र्याशेन. त्याला कुणी छळलं नाही. या म्हाताऱ्याला कशाला छळतोस?"

"आपा, मी छळत नाही. मला रडू येतंय." त्याला खरंच येत होतं. त्याने टोपी काढली. "काका, आपल्या कबरस्तानात आजी आहे, आजोबा आहेत, माझा बाप आहे. तिथे तुमच्यासाठी जागा राखलीय, मी दर वसंतात गवत काढतो. एकटे कुंपणाबाहेर पडून राहणार, कुत्र्यासारखे? विचार करा. मी घाई करत नाही."

तो गेला. वर्तमानपत्र उंबऱ्यावर ठेवून गेला, काकांना वाचायला.

रुशानियाने दाराला कडी घातली. मग म्हणाली, "आज त्याच्याशी सगळ्यांत जास्त हाच बोलला."

बुधवारी पहाटे मास्तरांनी पिशवीतून पहिला कोरा अर्ज काढला. नियम असा होता की प्रश्न मोठ्याने विचारायचा. रुशानिया पाणी गरम करायला बाहेर गेली होती. मास्तरांनी पडदा सारला आणि विचारलं, कारण सत्तावीस वर्षं वर्गात उत्तर न देणाऱ्यांना प्रश्न विचारायची त्यांना सवय होती. लिंग, जन्मवर्ष, शिक्षण. मातृभाषा. राष्ट्रीयत्व.

तिथे ते थांबले. माणूस जे सांगेल तेच लिहायचं. माणसाने रविवारी सांगितलं होतं, ओंडक्यावर बसून. पण काय सांगितलं होतं, हे आता नीट आठवू लागल्यावर मास्तरांच्या लक्षात आलं, की लिहायला तयार आहे असा निरोप बाबायने धाडला होता, पण मी तातार आहे असं ओंडक्यावर बसून तो एकदाही म्हणाला नव्हता. तिला वारा लागायचा नाही, एवढंच म्हणाला होता. त्यासाठी रकाना नव्हता.

त्यांनी 'तातार' लिहिलं. अक्षर चांगलं आलं.

सहाला मिकुलाय बाबाय सरकारीदृष्ट्या मेला. सातला दोन्ही आळ्यांत बातमी होती, आठला येफ्रेमने भर रस्त्यात भिंतीवर डोकं टेकलं होतं. काकांनी मरण्यापूर्वी काय लिहिलं हेही कळलं, कारण जनगणनेची गुप्तता चर्च आळीत पोचायला ओढ्यावरचा पूल ओलांडण्याएवढाच वेळ लागला. मग आळी बाबायच्या मागे गेली, पण माणूस जसा मेलेल्याच्या मागे जातो तशी, अर्ध्या वाटेपर्यंत. एकतीस घरांनी तातार लिहिलं, सोळांनी क्र्याशेन. येफ्रेमच्या बायकोने तातार लिहिलं, ती नवऱ्याशी त्या आठवड्यात बोलत नव्हती.

शुक्रवारी ओंडका हलवून तिथे खड्डा खणला. चर्च आळीच्या रिवाजाने तिसऱ्या दिवशी. येफ्रेमने घरी केलेला क्रूस आणला होता. फनिसने तो हळूच काढून गाडीत ठेवला आणि लोखंडी तारा पुढे केला. हजरत आले नाहीत. त्यांच्या बायकोने मात्र मटण-बटाट्याच्या गरम त्रिकोणी पावांची परात धाडली, वर स्वच्छ फडकं घालून. माती ढकलताना येफ्रेमने खिशातून काहीतरी काढून आत टाकलं. छोटा क्रूस असावा. सगळ्यांनी पाहिलं, कुणी पाहिलं नाही.

ताऱ्यावर मृत्यूची तारीख नऊ ऑक्टोबर होती.

"खांब?" मास्तरांनी परतताना फनिसला विचारलं.

"मास्तर, ठरलं होतं अख्खी आळी. सोळा घरं फुटली. वर काय सांगू? निकाल येऊ दे. आकडा बसला तर खांब, शब्द आहे माझा."

मास्तर निकालाची वाट पाहत राहिले. हिवाळ्यात हजरतांच्या चुलीत लाकडं जळली. वसंतात मास्तरांनी ओंडका परत आणून कबरीच्या पायथ्याशी ठेवला आणि कधी कधी गुरुवारी तिथे बसू लागले. रुशानिया म्हणायची, तू बसतोस कशाला, तू त्याचा कोण? मास्तर म्हणायचे, मी त्याचा अर्ज लिहिलाय.

निकालाचं जाड पुस्तक सव्वीस महिन्यांनी जिल्ह्याच्या वाचनालयात आलं. मास्तर बसने गेले, पान शोधलं, हाताने उतरवून घेतलं आणि तो कागद घेऊन थेट फनिसच्या कचेरीत गेले. तक्त्यात वेगळे क्र्याशेन होते, पण तातार या ओळीच्या खाली, थोडं आत सरकवून: 'त्यांपैकी क्र्याशेन'. म्हणजे ज्याने तातार लिहिलं तो तातारांच्या बेरजेत होता, आणि ज्याने क्र्याशेन लिहिलं तोही तातारांच्या बेरजेत होता.

फनिसने कागद दोनदा वाचला. आयुष्यभर आकडे वर पाठवलेला माणूस होता तो. त्याला समजायला वेळ लागला नाही.

"म्हणजे काहीही लिहिलं असतं तरी आकडा हाच."

"हो."

"मग खांबांची गरज काय होती?"

"त्याला होती."

फनिसने खिडकीबाहेर पाहिलं. त्याला वाईट वाटत होतं, हे मास्तरांना दिसलं. "खांब पुलाला लावले रे, मागच्या उन्हाळ्यात," तो म्हणाला. "पूल हलत होता."

पूल आता हलत नाही. मिन्सिलू आणि मिकुलाय यांच्यातलं अंतर एक मीटर चाळीस सेंटीमीटर आहे. कुंपण मधे आहे.